दोन डॉलरची सूट

मागच्या महिन्यात रात्री मेसवरून परत येताना आमच्या विंगमध्ये जोरदार भांडण झालं. कारण क्रिकेट नव्हतं, सबमिशनही नव्हतं. माझ्या रूम पार्टनरला सेलमध्ये एक महागडा फोन 'तीन हजार ऑफ' दिसला होता आणि तो हप्त्यांवर घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, "अरे, तीन हजार राहू देत, आधी चोवीस हप्त्यांची बेरीज कर." तर म्हणतो कसा, "तू दुकानदाराचा भाचा. तुला दुसरीकडची सूट बघवत नाही!"

हे जरा मनाला लागलं. कारण ते निम्मं खरं आहे.

माझ्या मामाचं तासगावला मोबाइलचं छोटं दुकान आहे. दुसऱ्या वर्षाला असताना माझी हॉस्टेलची फी तोच भरणार होता. त्याच सुमारास त्याने वितरकाच्या आग्रहाला बळी पडून रोख पैसे मोजून दोन भारी फोन दुकानात आणले. काचेच्या कपाटात ठेवले, वर छोटा दिवा लावला. गिऱ्हाईक यायचं, हातात घ्यायचं, फोटो काढायचं आणि सांगलीच्या मोठ्या शोरूममध्ये जाऊन बँकेच्या कार्डावर घ्यायचं. तीन महिने ते दोन बॉक्स तसेच पडून राहिले, आणि त्यांच्यात माझी फी. शेवटी मामाने ते खरेदीच्या किमतीला काढले. (ऑफिसमधल्या मॅडमनी लेट फी माफ केली, त्यांचे इथे जाहीर आभार!) मामा म्हणाला, "भारी फोनात आपल्याला काय सुटतं? बॉक्सवरची धूळ पुसायची मजुरी. पैसा कव्हर आणि काचेत."

तेव्हापासून महागडी वस्तू स्वस्त दुकानात ठेवली की नक्की काय होतं, याचं मला कुतूहल लागलं. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तर मंडळी, चला २००८ च्या डिसेंबरात.

वॉलमार्ट म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत असेल. १९६२ साली सॅम वॉल्टनने आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स गावात पहिलं दुकान काढलं. गावाबाहेर प्रचंड गोडाऊनसारखी इमारत, समोर मैदानाएवढं पार्किंग, आत दूधपावापासून टायरपर्यंत सगळं आणि सगळं स्वस्त. आपल्या डी-मार्टचा थोरला भाऊ समजा. आणि दुसरीकडे ॲपल, सूट द्यायची म्हटलं की जिच्या कपाळावर आठ्या पडतात अशी कंपनी. दुकानदारांशी तिचं कधी फार जमलंच नाही. १९९९ साली आयमॅक पाच रंगांत निघाला, तेव्हा बेस्ट बाय या साखळीला फक्त खपणारे रंग हवे होते. ॲपल म्हणाली, घ्यायचे तर पाचही घ्या. झालं, विक्री बंद! पुढे मे २००१ मध्ये ॲपलने स्वतःचीच दुकानं काढायला सुरुवात केली. पहिला आयफोन २९ जून २००७ ला आला तोही फक्त ॲपलच्या आणि एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या दुकानांत.

आणि दीडच वर्षात तोच आयफोन वॉलमार्टमध्ये! घोषणा २६ डिसेंबर २००८ ला झाली आणि रविवारी, २८ तारखेला, सुमारे २५०० दुकानांत विक्री सुरू. त्याआधी कित्येक दिवस अफवा होती की वॉलमार्टसाठी खास ४ जीबीचा ९९ डॉलरचा आयफोन येतोय. प्रत्यक्षात किंमत निघाली १९७ डॉलर. इतर दुकानांत होती १९९. १६ जीबीचा २९९ ऐवजी २९७. स्वस्ताईसाठी जगभर नावाजलेल्या दुकानाने दिलेली सूट दोन डॉलर!

लोक हसले. पण थोडं खोलात गेलं की कळतं, गोम त्या १९९ मध्येच आहे. कारण ती फोनची किंमत नव्हतीच.

इथे वही-पेन घ्या. २००७ च्या सप्टेंबरात पहिला आयफोन ५९९ वरून ३९९ डॉलरवर आला, आणि त्याचा कमीत कमी प्लॅन महिना ५९.९९ डॉलर. दोन वर्षांचा करार सक्तीचा. म्हणजे ५९.९९ गुणिले २४ अधिक ३९९, बरोबर सुमारे १८३९ डॉलर. जुलै २००८ मध्ये आयफोन ३जी आला, 'दुप्पट वेगवान, अर्ध्या किमतीत' अशी जाहिरात करत. फोन १९९. पण आता बोलण्याचे ३९.९९ आणि डेटाचे ३०, असे महिना ६९.९९. दोन वर्षांचे मिळून सुमारे १८७९! अर्ध्या किमतीचा फोन चाळीस डॉलरनी महाग. वर आधीच्या प्लॅनमध्ये २०० एसएमएस धरलेले होते, नव्यात त्याचे वेगळे पैसे. कर तर मी धरलेलेच नाहीत.

फोनची खरी किंमत आणि १९९ यांच्यातला फरक एटी अँड टी ॲपलला भरत होती आणि दोन वर्षांत गिऱ्हाइकाकडून वसूल करत होती. म्हणजे १९९ ही एक प्रकारची इसारत. मधेच करार मोडला तर १७५ डॉलरपर्यंत दंड. वॉलमार्टची नेहमीची ताकद म्हणजे माल बनवणाऱ्याला बसवून किंमत खाली पिळणं. इथे पिळायला तिच्या हातात काय होतं? फोनची किंमत ॲपलकडे, सवलत टेलिफोन कंपनीकडे. पन्नास डॉलर सूट द्यायची तर स्वतःच्या खिशातून. त्यामुळे दोन डॉलर. परवडतात, आणि 'आमच्याकडे स्वस्त' ही पाटी खोटी पडत नाही.

मग हा उद्योग केला कशाला? मामाच्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाईक दारात आणायला. फोन घ्यायला आलेला माणूस कव्हर घेतो, चार्जर घेतो, जाता जाता आठवड्याचं सामानही घेतो. एटी अँड टीला दोन वर्षं बांधलेलं गिऱ्हाईक मिळतं. ॲपलची स्वतःची दुकानं तेव्हा बहुतेक मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये होती. वॉलमार्ट लहान गावांत होतं. आणि वर्ष कोणतं? २००८. लेमन ब्रदर्स सप्टेंबरात बुडाली, सर्किट सिटी या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स साखळीने नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक स्वस्ताईकडे वळले होते. त्या वर्षी डाऊ जोन्सच्या तीस शेअर्सपैकी वर गेलेले फक्त दोन होते, मॅकडोनल्ड्स आणि वॉलमार्ट.

एक तांत्रिक भागही आहे. २००७ चा आयफोन बॉक्समधून घरी नेऊन आपणच संगणकावर चालू करायचा. बऱ्याच हुशार लोकांनी तो एटी अँड टीला न जोडता कुलूप तोडून भलतीकडेच वापरला. म्हणून ३जी दुकानातच चालू करून, करारावर सही घेऊन द्यायचा असं ठरलं. त्यामुळे तो साबणासारखा फळीवर मांडून विकता येत नव्हता. काउंटरवर माणूस शिकवून ठेवावा लागे.

आता धोका. ॲपलने घाबरावं अशी उदाहरणं समोर होती. व्लासिक नावाची लोणच्याची कंपनी. (त्यांचं लोणचं म्हणजे व्हिनेगरमधल्या काकड्या, आपल्या कैरीच्या लोणच्याशी तुलना नको.) वॉलमार्टने तिची गॅलनभर बरणी २.९७ डॉलरला लावली. तुफान खप! पण त्या बरणीत कंपनीला एकदोन सेंटच सुटत, आणि लोकांनी जास्त फायद्याच्या लहान बाटल्या घेणं कमी केलं. २००१ च्या जानेवारीत व्लासिकने दिवाळखोरीचा अर्ज केला. एकट्या बरणीने कंपनी बुडाली असं नाही, कर्जं होतीच, पण खप वाढूनही माणूस कसा गळपटतो ते इथे दिसतं. उलट गवत कापायची यंत्रं बनवणाऱ्या स्नॅपरचे प्रमुख जिम वीअर २००२ मध्ये वॉलमार्टच्या मुख्यालयात गेले आणि चक्क 'आमचा माल तुमच्याकडे नको' म्हणून आले. त्यांचं यंत्र समजावून विकणारा आणि दुरुस्त करणारा दुकानदार त्यांना हवा होता. मला हा माणूस आवडतो.

ॲपलने तिसरीच वाट काढली आणि मला ती सगळ्यात हुशारीची वाटते. जून २००९ मध्ये नवा ३जीएस १९९ ला आला आणि जुना ८ जीबीचा ३जी ९९ डॉलर झाला. अफवेतला आकडा खरा ठरला, पण वॉलमार्टपुरता नव्हे, सगळीकडे. नव्या मालाची किंमत ढळू द्यायची नाही. स्वस्त हवं असेल त्याला कालचा माल द्यायचा. नोव्हेंबर २०१० पासून टार्गेट ही दुसरी साखळीही आयफोन विकू लागली.

आणि पुढे खरी किंमत वॉलमार्टमध्येही पाटीवर आली. जानेवारी २०१३ मध्ये तिथे स्ट्रेट टॉक या प्रीपेड सेवेवर आयफोन ५ मिळू लागला. फोन ६४९ डॉलर रोख, महिना ४५, करार नाही. करा दोन वर्षांची बेरीज, १७२९. म्हणजे १९७ वाल्यापेक्षा जवळपास दीडशे डॉलरनी कमी. फोन वेगळा, काळ वेगळा, हे मान्य. पण ६४९ ची पाटी बघून माणूस मागे सरतो आणि १९७ ची बघून खिशात हात घालतो!

आपल्याकडे हा करारातला खेळ रुजलाच नाही. २२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोनने ३जी भारतात आणला तो ३१ हजारांना. अमेरिकेत १९९ डॉलर वाचलेल्या लोकांनी कपाळाला हात लावला होता. आपण लुटले जातोय असं वाटलं, पण बराचसा फरक एवढाच की आपल्याला पूर्ण किंमत एकदम दाखवली. आता हप्त्यांमुळे ती पुन्हा नजरेआड गेली आहे.

असो. रूम पार्टनरला हे सगळं आकड्यांसकट भिंतीवर लिहून दाखवलं. (रेक्टर सरांनी कृपया हा कंस वाचू नये.) तो दोन दिवस बोलला नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत माझ्याबरोबर तासगावला आला आणि मामाकडून मागच्या वर्षीचं मॉडेल रोखीने घेतलं. मामाला त्यात किती सुटले ते मी विचारलं नाही. कव्हर आणि काच मात्र त्याने तिथेच बसवून घेतली.