पाठवलेल्या माणसाचं घर कोण सांभाळतं?

(राजूर, ता. अकोले येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय आहे ख्रिस्ती मंडळ्या आपल्या मिशनऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना कसं सांभाळतात हा. मराठी ख्रिस्ती बोलीत चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. म्हणून मी आज तुम्हाला मंडळी म्हणणार नाही, नाहीतर घोटाळा व्हायचा.

राजूरचा याच्याशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. आपल्या गावात आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आसपास आश्रमशाळा आहेत. इथे नेमणुकीवर येणारी माणसं आपण पाहतो. नोकरी डोंगरात, म्हातारे आईवडील गावाकडे, मुलं शिकायला तिसरीकडे. माणूस कामावर पाठवला की पाठवणाऱ्याची जबाबदारी कुठे संपते? पगार दिला की संपते का? आपल्याच नगर जिल्ह्यात हा प्रश्न दोनशे वर्षांपासून चर्चेत आहे. फक्त तिथे पाठवणारं सरकार नव्हतं, मंडळी होती.

पैसा कुठून यायचा?

अमेरिकन बोर्ड ही संस्था १८१० मध्ये स्थापन झाली, तिचं मुख्य ठाणं बोस्टन. तिचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले. अहमदनगरला केंद्र सुरू झालं १८३१ मध्ये. पुढे याच कामाला अमेरिकन मराठी मिशन म्हणू लागले. आपल्या भंडारदऱ्याची प्रवरा खाली नेवाशाकडे जाते ना, त्या बाजूला वडाळ्यालाही त्यांचं ठाणं झालं.

या कामाचा पैसा कुणा राजाचा नव्हता. अमेरिकेतल्या गावोगावच्या मंडळ्यांत वर्गणी जमायची, ती बोस्टनला जायची आणि तिथून इकडे यायची. मिशनऱ्याला मिळायचा तो कामाचा मोबदला नव्हे, निर्वाह. घर चालेल, मुलं वाढतील, चिंता राहणार नाही, इतकं द्यायचं असं धोरण. कुणी किती माणसं ख्रिस्ती केली यावर रक्कम ठरत नव्हती. हे तत्त्व चांगलं होतं, कारण कामाचं फळ मोजून पैसे द्यायला लागलं की माणूस फळं दाखवण्याच्या मागे लागतो.

पण निर्वाहाची रक्कम कागदावर ठरते. घरात काय घडतं ते कागदावर मावत नाही.

बायको आणि मुलं हिशेबात कुठे?

हॉल यांचंच उदाहरण घ्या. १८२५ मध्ये त्यांच्या पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. एक मुलगा वाटेत समुद्रावरच गेला. पुढच्याच वर्षी, मार्च १८२६ मध्ये, नाशिककडच्या दौऱ्यात हॉल यांना पटकी झाली आणि काही तासांत ते वारले. म्हणजे आपल्या डोंगराच्या पलीकडेच. कुटुंब एका खंडात, कर्ता माणूस दुसऱ्या खंडात, आणि पत्र पोचायला महिनोन्‌महिने.

असं पुन्हा पुन्हा घडलं. रॉबर्ट विल्सन ह्यूम मुंबईत काम करत होते. १८५४ मध्ये मायदेशी परतताना ते जहाजावरच वारले. त्यांच्या पत्नी हॅना यांनी मुलांना अमेरिकेत वाढवलं. नगरचे हेन्री बॅलंटाइन १८३५ मध्ये आले, तीस वर्षं राबले आणि १८६५ मध्ये घरी जाताना तेही समुद्रातच गेले. सुरुवातीच्या पिढीत मिशनरी जायचा तो जन्मभरासाठी. ठरलेल्या वर्षांनी विश्रांतीची रजा, ही पद्धत नंतर बसली. ती आजाऱ्यांनी आणि मेलेल्यांनी शिकवली असं म्हणावं लागतं.

बायकांचं काय? बोर्डाच्या याद्यांत मिशनऱ्याच्या पत्नीची नोंद ‘साहाय्यक मिशनरी’ अशी व्हायची. शाळा ती चालवणार, आजाऱ्यांना ती बघणार, घर ती ओढणार, आणि नोंद साहाय्यक! सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे नगरला. त्या अविवाहित होत्या. सावित्रीबाई फुले यांच्या प्रशिक्षणाच्या संदर्भात त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अशा बायकांना स्वतंत्र बळ मिळावं म्हणून १८६८ मध्ये बोस्टनला स्त्रियांनीच वेगळं मंडळ काढलं, वर्गणीही स्वतः गोळा केली. त्याच सुमारास ऑबर्नडेल नावाच्या गावात एलिझा वॉकर या बाईंनी आपल्या घराची दारं मिशनऱ्यांच्या मुलांसाठी उघडली. त्या स्वतः तुर्कस्तानात काम केलेल्या मिशनऱ्याच्या विधवा होत्या. हे दुःख जिनं भोगलं, तिलाच नेमकी उणीव कळली. मुलांना फी लागते हे कार्यालयाला कळतं. सुट्टीत जायला घर लागतं, हे आईला कळतं.

एकाच आवारात दोन मापं

आता आपल्या लोकांकडे वळू. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. त्यांचं मत होतं की इथल्या मंडळ्यांचे पाळक इथलेच असावेत, त्यांना मंडळीनंच पोसावं, मंडळीनं आपला कारभार आपण करावा. त्याच काळात नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे पाळक झाले.

विचार स्वाभिमानाचा होता. पण तो जमिनीवर कसा उतरला ते बघा. गावातले बहुतेक नवे ख्रिस्ती गरीब, पुष्कळसे महार-मांग समाजातले. गावगाड्यात बलुत्यावर जगणारी माणसं पाळकाला रोख पैसे कुठून देणार? म्हणजे देशी पाळकाचा पगार गावाच्या ऐपतीवर बेतायचा आणि परदेशी मिशनऱ्याचा निर्वाह त्याच्या देशाच्या राहणीवर. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर! पण दोघं एकाच आवारात राहतात, एकाच देवळात प्रार्थना करतात. एकाचा बंगला, दुसऱ्याची खोली. शिवाय दुसऱ्याचा पगार ठरवायचा पहिल्यानं. इथे गाठ बसते. प्रश्न रुपयांचा राहत नाही. कोण कुणाचा धनी, असा होतो.

ही गाठ सगळ्यात जास्त बोचली ती नारायण वामन टिळकांना. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगरला रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. हे ह्यूम म्हणजे जहाजावर वारलेल्या त्या ह्यूमांचेच चिरंजीव, मुंबईत जन्मलेले, १८७४ मध्ये परत आलेले. दोघांचा स्नेह मोठा होता. त्यामुळे ही भली माणसं आणि वाईट माणसं अशी गोष्ट नाही. माणसं भली असूनही व्यवस्था टोचत होती. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले.

टिळकांच्या त्यागाविषयी आपण बोलतो. पण पगार सोडला की पीठ कुठून येणार, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा होता. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना हे घर ठाऊक आहे. पैसा हातात टिकत नाही, आलेला माणूस उपाशी जात नाही, बालकवी ठोमऱ्यांसारखा मुलगा घरचा होऊन राहतो. मिशनच्या पगारावर किती माणसं जेवत होती, हे कुठल्या खातेवहीत दिसलं असतं? पाठवणाऱ्याचं नातं सेवकाशी असतं. पण निर्णयाचा भार घरातल्या बाईवर पडतो, आणि तिला विचारायची पद्धत तेव्हा नव्हती.

गरीब मंडळी काय करू शकते?

मग गरीब मंडळीनं कुणाला पाठवूच नये का? मिझोरामचं उदाहरण फार सुंदर आहे. १९१० च्या सुमारास तिथल्या ख्रिस्ती बायकांनी रिवाज सुरू केला. स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला ठेवायची. ते तांदूळ गोळा करून विकायचे आणि त्यातून मंडळीचं काम, मिशनरी पाठवणं चालवायचं. हा रिवाज आजही चालू आहे. आपल्याकडे माधुकरी आणि भिक्षेची मूठ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे यातलं मर्म सांगायला नको. देणारं प्रत्येक घर रोज त्या दूरच्या माणसाची आठवण काढतं.

त्याच १९१० साली एडिनबर्गच्या जागतिक परिषदेत दक्षिण भारतातले व्ही. एस. अझरया यांनी परदेशी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही त्याग केलात, आम्ही ऋणी आहोत, पण आम्हाला मैत्रीही हवी आहे. समोरच्यांना ते झोंबलं. मदत आणि बरोबरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यांनी उघड बोलून दाखवलं.

चार प्रश्न

एखादी मंडळी आपल्या मिशनऱ्याला नीट सांभाळते की नाही, हे मी चार प्रश्नांवरून पाहतो. तो आजारी पडला तर त्याला सुट्टी मागायला लाज वाटते का? मुलांच्या शाळेचा विचार नेमणुकीच्या आधी होतो की नंतर? तो गेला तर त्याच्या बायकोला राहतं घर किती दिवसांत सोडावं लागतं? आणि चौथा, सगळ्यात अवघड: तो पाठवणाऱ्यांशी असहमत झाला, तर त्याच्या घरचा शिधा चालू राहतो का?

पहिल्या तिन्हींची उत्तरं नियमांनी देता येतात. निवृत्तिवेतन, विमा, मुलांचा खर्च, लेखी अटी, हे करता येतं आणि पुष्कळ मंडळ्या करतात. चौथ्यासाठी नियम पुरत नाही. ज्याच्या हातात पैसा आहे त्यानं समोरच्याला नोकर न समजता सोबती समजावं लागतं. टिळकांसारख्या माणसाला नोकरी न सोडता मतभेद ठेवता आला असता, तर लक्ष्मीबाईंचं शेवटचं ओझं थोडं हलकं झालं असतं, असं मला वाटतं.

हे चार प्रश्न फक्त ख्रिस्ती मंडळ्यांचे नाहीत. आश्रमशाळेच्या गुरुजींना, पाड्यावर फिरणाऱ्या आशाताईंना, संस्थेच्या कार्यकर्त्याला तेच लावून बघा. तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, तर त्या घरातल्या बाईला विचारा. हिशेब तिला तोंडपाठ असतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.