पोलीस वाढले की गुन्हे घटतात?

लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण अमरावती आणि अकोल्यातला फरक पाहिला. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने जमावबंदीचा आदेश आयुक्तच काढू शकतात. अकोल्यात तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. पण ठाण्याची पायरी चढणाऱ्याला या फरकाचं काय? तिथं त्याची गाठ शिपायाशीच पडते. नेमका हाच धागा धरून डेव्हिड बेली (१९३३–२०२०) या अमेरिकी प्राध्यापकाने पोलिसांचा अभ्यास आयुष्यभर केला.

बेली मूळचे राज्यशास्त्राचे. त्यांच्या पिढीचे अभ्यासक निवडणुका, पक्ष आणि जातींवर लिहीत होते. पोलीस कुणाच्या खिजगणतीत नव्हते. बेलींनी मात्र भारतीय पोलिसांवर संशोधन करून १९६९ साली ग्रंथ लिहिला. लोकांच्या मनातली सरकारची प्रतिमा पोलिसांच्या रोजच्या वागण्यातून घडते, असा त्यांचा रोख होता. आपल्याकडे तर १८६१च्या पोलीस कायद्याने घातलेला पोलिसांचा साचा स्वातंत्र्यानंतरही फारसा मोडला नाही. पुढे बेली जपानला गेले, तिथल्या गल्लोगल्लीच्या चौक्या, म्हणजे ‘कोबान’, पाहिल्या आणि १९७६ साली त्यांवर पुस्तक लिहिलं.

१९९४च्या पुस्तकात त्यांनी पोलिसांच्या वर्मावरच बोट ठेवलं : नुसतं बळ वाढवून गुन्हे घटत नाहीत. याला आधार होता अमेरिकेच्या कॅन्सस सिटीतल्या १९७२-७३च्या प्रयोगाचा. तिथं काही भागांत गस्त वाढवली, काही भागांत बंद केली, उरलेल्या भागांत होती तशी ठेवली. गुन्ह्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. अर्थात, गुन्हे जिथं सतत घडतात त्या मोजक्या ठिकाणी गस्त एकवटली तर उपयोग होतो, हे अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरातल्या प्रयोगाने नंतर दाखवलं. म्हणजे किती पोलीस, यापेक्षा ते कुठे असतात आणि काय करतात, हे महत्त्वाचं.

आता दर्यापूर किंवा अकोटकडचं कुठलंही ठाणं डोळ्यांपुढे आणा. शेतकरी सांगतो, “साहेब, माहा मोटरपंप चोरीले गेला जी.” ठाणे अंमलदार मान वर न करता म्हणतो, “अर्ज देऊन जा, पाहतो.” वास्तविक अशी चोरी सहसा दखलपात्र. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा नोंदवून फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत द्यायची असते. अर्जावर भागवलं की ठाण्यातल्या गुन्ह्यांचा आकडा आटोक्यात दिसतो आणि वार्षिक आढाव्यात साहेबांची बाजू राखली जाते. पुढच्या वेळी तो शेतकरी काही पाहिलं तरी सांगायला येत नाही. तपास तर लोकांनी दिलेल्या माहितीवरच चालतो.

म्हणून शहरात नवं ठाणं मंजूर झालं की जागा किती आणि गाड्या किती, एवढंच विचारून थांबू नये. आलेल्यांपैकी किती जणांच्या हाती एफआयआरची प्रत पडली, हेही विचारावं.

(पुढील लेखांकात : १९६७चा ग्राम पोलीस कायदा आणि गावचा पोलीस पाटील)