लहरींचा प्रवास – भाग ६ : सिंहगडावरचा मनोरा

मागच्या भागात आपण मध्यम लहरी पाहिल्या. पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब असते. ती जमिनीला धरून क्षितिजापलीकडे उतरते. म्हणून तिचा मनोरा सपाट, ओलाव्याच्या जमिनीवर उभारतात. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची, दूरचित्रवाणीचीही फार तर काही मीटरची. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा बाक आडवा आला की वरून निघून जातात. त्यांना हवी असते उंची.

किती उंची, याचा हिशेब सोपा आहे. मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून ४.१ ने गुणले की लहरींचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. मुंबईत वरळीचा दूरदर्शन मनोरा ३०० मीटरचा. त्याचे क्षितिज सुमारे ७१ किलोमीटर. पल्ला दुप्पट करायचा तर उंची चौपट लागते. एवढे पोलाद कोण उभे करणार?

पुण्याला ही उंची सह्याद्रीने आयती दिली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. गड शहराहून सुमारे ७५० मीटर उंच. म्हणजे नुसत्या माथ्यावरूनच क्षितिज ११० किलोमीटरपलीकडे जाते. ज्या कारणासाठी येथे किल्ला बांधला, त्याच कारणासाठी येथे मनोरा आला: चहूबाजूंचा मुलूख नजरेत राहतो. पुण्यातल्या गच्च्यांवरचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असत. गड दिसत असेल तिथे चित्र बहुधा स्वच्छ येई.

मात्र एक डोंगर देतो ते दुसरा अडवतो. डोंगराच्या आडोशाला, खोऱ्यात वसलेल्या गावांवर लहरींची सावली पडते. तिथे पडद्यावर मुंग्या दिसत. कड्यावर आपटून उशिरा पोहोचणाऱ्या लहरीमुळे एकाच माणसाच्या दोन आकृती दिसत. अशा भागांसाठी जवळच्या उंचवट्यावर लघुशक्ती प्रक्षेपक बसवणे हाच उपाय होता.

उंचीची किंमतही मोजावी लागते. माथ्यावरचा मनोरा विजेला सर्वांत जवळचा. ती वीज जमिनीत मुरवावी लागते आणि सह्याद्रीचा काळा पाषाण विजेचा वाईट वाहक. त्यामुळे अर्थिंगचे जाळे दूरवर पसरावे लागते. धो धो पावसात, दाट धुक्यात तिथे पाळी सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांमुळे खाली घराघरांत बातम्या वेळेवर लागत. त्यांचे ऋण आपण मानायला हवे.

मार्च २०२२ अखेरपर्यंत दूरदर्शनने देशातील जवळपास सर्व अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बंद केले. उंचीचा नियम मात्र कायम आहे. आज घरावरची डिश ज्या उपग्रहाकडे पाहते, तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच आहे आणि त्याला कोणत्याही खोऱ्याची सावली फारशी अडवत नाही.

(पुढील आठवड्यात : उपग्रह एकाच जागी कसा ठरतो?)