वजनगट, कर्शन आणि पादांशक्रम

कोल्हापुरात वैद्यकव्यवसाय करणाऱ्यास तालमीतला रुग्ण नवा नाही. पूर्वी तो मुरगळलेला गुडघा घेऊन येई. अलीकडे त्याची मागणी निराळी असते : "डॉक्टर, आठ दिवसांत चार किलो कमी करून द्या की."

काही वर्षांपूर्वी अशाच एका १९ वर्षांच्या मल्लाची मागणी मी मान्य केली. वजन ६१ किलो, उतरायचे ५७ किलो गटात. लघु आहार आणि मृदु विरेचन दिले. वजन बसले, पण दुसऱ्याच कुस्तीत पिंडऱ्यांत गोळे आले आणि मुलगा चीतपट झाला. वस्तादांनी मला दोष दिला नाही, परंतु चूक माझीच होती. स्थौल्याचे अपतर्पण मी सममांस शरीरास लावले होते. चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल व अतिकृश दोघांनाही निंदित ठरवून सममांसाची प्रशंसा केली आहे. या मुलाच्या अंगावर काढण्याजोगा मेद फारसा नव्हताच. गेले ते उदक, आणि त्यासोबत बल.

प्लास्टिकचा पोशाख घालून धावणे, पाणी वर्ज्य करणे, बाष्पस्वेद घेणे हे उपाय आता गावोगावच्या मुलांना ठाऊक आहेत. तृषित व क्षुधित मनुष्य स्वेदनास अयोग्य, हे आपण शिकलो. त्यांना कोण सांगणार? १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना दगावले. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट रात्रभर झटूनही ५० किलो गटात १०० ग्रॅमने अधिक भरली आणि अपात्र ठरली. मुले मात्र अमन सेहरावतचे उदाहरण पुढे करतात. त्याने त्याच स्पर्धेत १० तासांत ४.६ किलो उतरवून ५७ किलो गटात कांस्यपदक घेतले. ते खरे आहे. पण त्याच्याभोवती प्रशिक्षकांचा ताफा रात्रभर जागा होता. आमच्या मुलासोबत धाकटा भाऊ आणि पाण्याची रिकामी बाटली असते.

पुढील वर्षी तोच मुलगा स्पर्धेच्या चार महिने आधी आला. या वेळी पादांशक्रम योजला. अभ्यस्त अपथ्य चतुर्थांशाने किंवा षोडशांशाने सोडावे व हिताचे सेवन त्याच क्रमाने, एक-दोन-तीन दिवसांच्या अंतराने वाढवावे, असे दोन्ही विकल्प वाग्भटाचार्य देतात. मी षोडशांश निवडला. मुलगा गंगावेशीच्या कट्ट्यावरचे म्हशीचे धारोष्ण दूध रोज दोन लिटर घेई. अर्धा लिटर एकदम तोडला असता, तर तिसऱ्या दिवशी त्याने ते चोरून प्याले असते. १२५ मिलिलिटर कमी झाल्याचे त्याला जाणवलेही नाही. रात्रीच्या भाताची जागा याच रीतीने ज्वारीची भाकरी व मुगाच्या वरणाने घेतली. थंडाईतील बदाम तसेच ठेवले.

खरी कसोटी भुकेची नव्हती, यात्रेची आणि रविवारच्या मटणाची होती. सहा दिवस कडकडीत पथ्य आणि सातव्या दिवशी आकंठ भोजन, हा विषमाशनाचा प्रकार तरुणांत सर्वत्र दिसतो. म्हणून रविवारचा रस्सा मी बंद केला नाही. वाटी ठरवून दिली. पथ्य मोडण्याचे निमित्तच उरले नाही.

व्यायामाबाबत एक कबुली द्यावी लागते. कपाळ, नाक व काखेत स्वेद येऊन मुखशोष होताच थांबावे, हा अर्धशक्तीचा नियम स्पर्धकाला जसाच्या तसा लावता येत नाही. तेथे अभ्यंग, स्निग्ध आहार आणि निद्रा यांनीच भरपाई करावी लागते. जोरांची संख्या घटली की आहारातील कपात आठवडाभर थांबवायची, एवढाच दंडक मी व वस्तादांनी ठेवला. तो दोनदा वापरावा लागला.

वजनाच्या दिवशी काटा ५६.८ वर थांबला. मुलगा आदल्या रात्री जेवला होता, पाणी प्याला होता. उपांत्य फेरीत गुणांवर हरला. गोळे आले नाहीत.

आता त्याची हाडे भरली आहेत. तरीही यंदा पुन्हा ५७ च हवे म्हणाला. तेव्हा वस्तादांनी त्याला खाशाबांची गोष्ट सांगितली. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात लढून कांस्यपदक घेऊन आले. या हंगामात मुलगा ६१ किलोत उतरतो आहे. सायंकाळचे दूध, १२५ मिलिलिटरच्या क्रमानेच, पुन्हा वाढवले आहे.