पेन्शनरांचें घर

नोकरींतून निवृत्त झालेल्या गृहस्थाचें उत्पन्न एकदां ठरलें कीं तें ठरलेंच. वाण्याची यादी मात्र दरवर्षीं वाढत जाते. सरकारी पेन्शनरास महागाईभत्त्याचा तरी आधार आहे. खाजगी कारखान्यांत वा पेढींत उमेद घालविलेल्यास तोही नाहीं. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेंतील किमान निवृत्तिवेतन २०१४ सालीं दरमहा १,००० रुपये ठरलें, आणि महागाईशीं त्याची सांगड नाहीं. ज्यांनीं पुंजी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत गुंतविली त्यांचेंही तेंच. २०२३ सालच्या ८.२ टक्के दरानें १५ लक्ष रुपयांवर तिमाहीस ३०,७५० रुपये हातीं येतात, व पांच वर्षें तेवढेच येत राहतात. शहरांत दिवसरात्र शुश्रूषेस बाई ठेवावी लागली, तर ही सारी रक्कम तिच्या पगारांतच संपावयाची.

अशा स्थितींत घरभाडें भरणें कोणास शक्य आहे? म्हणून उतारवयांत परवडणारें घर तें एकच: स्वतःचें व कर्जमुक्त. आणि नेमकी हीच वस्तु आपलीं वडील मंडळी सर्वांआधीं देऊन टाकतात, याचें आम्हांस नवल वाटतें.

“बाबा, पुढें कटकट नको, आतांच नांवावर करून टाका,” असें मुलगा म्हणतो. यांत दर वेळीं कपट असतें असें मुळींच नाहीं. शिवाय २०१५ पासून महाराष्ट्रांत राहतें घर मुलास, मुलीस वा नातवंडास बक्षीस द्यावयाचें तर मुद्रांकशुल्क अवघें २०० रुपये; स्थानिक अधिभार काय तो निराळा. इतक्या स्वस्तांत होणाऱ्या कामाचा मोह कोणास पडणार नाहीं? पुढें मुलाचा धंदा बुडतो, किंवा बदली होते, आणि घर विकावयास निघतें. (सुनेस दोष देण्याची आपली खोड फार जुनी, परंतु विक्रीच्या कागदावर सही असते ती सख्ख्या मुलाचीच.) विधवा आईच्या बाबतींत तर विचारण्याचेंही कष्ट कोणी घेत नाहीं, कागद पुढें करतात, आणि ती सही करते.

कायदा अगदींच मुका नाहीं. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालीं झाला. त्याच्या २३ व्या कलमान्वयें, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत घेणाऱ्यानें तो न केल्यास तें बक्षीसपत्र न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेतां येतें. गोम आहे ती या ‘अटी’ंत. अट होती हें सिद्ध झालें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें. जानेवारी २०२५ मध्यें मध्यप्रदेशांतील एका मातेस त्याच न्यायालयानें घर परत देवविलें; तेथें मुलानें सांभाळाची हमी लिहून दिलेला निराळा कागद होता. आपल्याकडे पोटच्या मुलाकडून असा कागद लिहून घेणें लाजिरवाणें वाटतें. आमच्या मतें तो संकोच वृद्धांना परवडणारा नाहीं.

त्याहून सोपा मार्ग मृत्युपत्राचा. त्यास मुद्रांकशुल्क लागत नाहीं, नोंदणीची सक्ति नाहीं, दोन साक्षीदार पुरतात. आणि हयात असेपर्यंत घर आपलें राहून मन बदलल्यास मजकूरही बदलतां येतो. त्यांत मुलांच्या आधीं पत्नीची सोय लिहावी, कारण मागें राहते ती बहुधा तीच.

हातीं घर आहे, पण औषधास पैसा नाहीं, अशांसाठीं २००७ मध्येंच उलट गहाणाची योजना निघाली. साठी उलटलेल्यांस बँक घराच्या तारणावर दरमहा रक्कम देते. फेड पतिपत्नींच्या हयातींत करावी लागत नाहीं, शेवटपर्यंत तेथेंच राहतां येतें, आणि पश्चात् वारसांस कर्ज फेडून घर सोडवितांही येतें. या रकमेवर प्राप्तिकरही नाहीं. तरी ही योजना आपल्याकडे फारशी रुजली नाहीं. मुलांसाठीं राखलेलें घर आपल्याच औषधपाण्यास लावावयाचें, हें आईबापांच्या मनास अजून पटत नाहीं.