पाणी नेमकं किती अंशांवर उकळतं?

पुण्याजवळच्या एका शाळेत आम्ही नववीच्या मुलांच्या प्रयोगवह्या चाळत होतो. प्रयोग होता पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याचा. जवळजवळ सगळ्या वह्यांत सुबक अक्षरात '१०० अंश सेल्सिअस' असं लिहिलेलं होतं. एका वहीत मात्र ९८ लिहून खोडलेलं होतं आणि त्याच्यावर १०० लिहिलं होतं. वही जिची होती तिला आम्ही विचारलं, "हे का खोडलंस?" ती म्हणाली, "तापमापीत ९८च दिसत होतं. पण पुस्तकात १०० आहे ना!"

गंमत अशी की तिनं खोडलेला आकडाच बरोबर होता. पुण्यात उघड्या पातेल्यातलं शुद्ध पाणी १०० अंशांवर उकळतच नाही.

पिशवीतली तापमापी

आम्हां तीन-चार मित्रांना भटकण्याचा, खाण्याचा आणि उपकरणांशी खटपट करत बसण्याचा नाद आहे. त्यामुळे आमच्या प्रवासाच्या पिशवीत छोटा स्टोव्ह, पातेलं, चहा-साखर आणि एक डिजिटल तापमापी कायम असते. जिथे चहा करायचा तिथे आधी नुसतं पाणी उकळून त्याचं तापमान टिपून ठेवायचं, असा आमचा नियम. मुंबईत आकडा १००च्या अगदी जवळ येतो. पुण्यात, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, तो ९८ असतो. महाबळेश्वरला, सुमारे १,३७० मीटरवर, साडेपंच्याण्णव. आणि लेहला, सुमारे ३,५०० मीटरवर, ८८! ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटर चढलं की उत्कलनबिंदू साधारण १ अंशानं उतरतो.

असं का होतं? पाण्याचे रेणू पृष्ठभागावरून सतत हवेत निसटत असतात. पाणी तापवत नेलं की त्याच्या वाफेचा दाब वाढत जातो. तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला, की पाण्याच्या आतही वाफेचे बुडबुडे टिकून राहू लागतात. यालाच आपण उकळणं म्हणतो. उंचावर आपल्या डोक्यावरचा हवेचा थर कमी, म्हणून हवेचा दाब कमी. साहजिकच वाफेला तो दाब कमी तापमानालाच गाठता येतो. पुस्तकातले १०० अंश खरेच आहेत, पण ते समुद्रसपाटीवरच्या प्रमाण दाबाचे, म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल दाबाचे. ही अट वाक्यातून गळून पडली, की देशावरची सगळी शाळकरी मुलं 'चुकीची' ठरतात.

लेहची डाळ

याचा खरा फटका आम्हाला बसला तो लेहमध्ये. पहिल्या रात्री पातेल्यात तूरडाळ शिजत लावली. पाणी खळखळा उकळत होतं, पण तास उलटला तरी डाळ काही मऊ होईना. आमच्यातल्या एकानं स्टोव्ह मोठा केला. पाणी जास्त जोरात उकळलं, भराभर आटलं, आणि डाळ होती तशीच राहिली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अन्न शिजतं ते तापमानामुळे, खळखळाटामुळे नव्हे. पाणी एकदा उकळू लागलं की आच वाढवून त्याचं तापमान वाढत नाही. जादा उष्णता फक्त पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. अनेक रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी घटलं की साधारण निम्म्यावर येतो. लेहचं उकळतं पाणी मुंबईच्यापेक्षा १२ अंशांनी थंड, मग डाळ वेळेवर कशी शिजणार? घरच्या स्वयंपाकालाही हाच नियम लागू आहे. उकळी फुटल्यावर आच मंद केली, तरी शिजायला लागणारा वेळ बदलत नाही आणि इंधन मात्र वाचतं.

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी हसत हसत आपला प्रेशर कुकर आमच्या हातात दिला. कुकरची मूळ कल्पना फ्रान्सच्या डेनिस पापँची, १६७९ सालची. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडायची, म्हणजे आतला दाब वाढतो आणि पाणी जास्त तापमानाला उकळतं. आपल्या घरगुती कुकरची शिट्टी म्हणजे एक वजन असतं. बाहेरच्या दाबापेक्षा आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅमनं वाढला, की ते उचललं जातं. मुंबईत त्यामुळे कुकरमधलं तापमान सुमारे १२० अंशांवर जातं. लेहमध्ये मात्र बाहेरचा दाबच कमी. त्यात तेवढीच भर पडते, म्हणून तिथल्या कुकरमध्ये तापमान ११४-११५ अंशांपर्यंतच पोचतं. म्हणजे डाळ कुकरमध्ये शिजते खरी, पण घरच्यापेक्षा थोडा जास्त वेळ घेते.

एका शिक्षकाची तापमापी

उंची वाढली की उत्कलनबिंदू उतरतो, तर उत्कलनबिंदूवरून उंची काढता येईल का? येईल. एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षक हे सर्रास करत असत. त्यांतलं आम्हाला सगळ्यांत आवडणारं नाव नैनसिंह रावत यांचं. ते कुमाऊंमधल्या मिलमच्या शाळेत शिक्षक होते, म्हणूनच त्यांना 'पंडित' म्हणत. तिबेटमध्ये परक्यांना बंदी असताना सर्वेक्षण खात्यासाठी ते वेश बदलून चालत निघाले आणि जानेवारी १८६६मध्ये ल्हासाला पोचले. हातातल्या जपमाळेत १०८ऐवजी १०० मणी होते, पावलं मोजायला. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी नोंदींचे कागद होते. आणि मुक्कामाच्या जागी पाणी उकळून, त्यात तापमापी धरून ते उंचीची नोंद करत. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. नैनसिंहांनी आपल्या नोंदी खोडून सगळीकडे १०० लिहिलं असतं, तर त्या कागदांना काय किंमत राहिली असती?

खिशातला वायुदाबमापक

आज काही मोबाइल फोनमध्ये हवेचा दाब मोजणारी चकती असते. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलनं उतरतो. त्यामुळे जिन्यानं दोन-तीन मजले चढलात तरी फोनला ते कळतं. पण हे उपकरणही डोळे मिटून मानू नये. पावसाळ्यात एकदा आम्ही मुंबईच्या किनाऱ्यावर उभे होतो आणि फोन आमची उंची ६५ मीटर दाखवत होता! कारण सोपं होतं. समुद्रसपाटीवरचा दाब नेहमी १०१३ असतो असं फोननं गृहीत धरलं होतं, आणि त्या दिवशी प्रत्यक्षात तो १००५च्या आसपास होता. फोनचंही त्या मुलीसारखंच झालं: पुस्तकातला आकडा त्यानं खरा मानला.

तापमापीच्याही मर्यादा आहेत. अर्ध्या अंशाची चूक म्हणजे उंचीत दीडशे मीटरची चूक. म्हणून आधी ती वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवते का ते पाहावं. बर्फाच्या वितळण्यावर हवेच्या दाबाचा परिणाम नगण्य असतो. उकळत्या पाण्यात तिचं टोक भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नये. मुलं हमखास विचारतात, "पाण्यात मीठ असेल तर?" लिटरभर पाण्यात सुमारे ५८ ग्रॅम मीठ घातलं, तर उत्कलनबिंदू जेमतेम १ अंशानं वर जातो, चिमूटभर मिठानं काही बिघडत नाही.

करून पाहू या

शिक्षकमित्रांना आमची एक सूचना आहे. घाटाखालची एक शाळा आणि घाटावरची एक शाळा, उदाहरणार्थ चिपळूण आणि कऱ्हाड, यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी हा प्रयोग करावा. दोन्हीकडच्या तापमाप्या आधी बर्फात तपासून घ्याव्यात. प्रत्येकी पाच वाचनं घ्यावीत, ती जशीच्या तशी लिहावीत आणि एकमेकांना कळवावीत. सरासरींमधल्या फरकाला ३००नं गुणलं, की दोन गावांच्या उंचीतला फरक मीटरमध्ये साधारण मिळेल. मग तो नकाशाशी ताडून पाहावा. जुळला नाही, तर चूक कुठे झाली असेल ते मुलांनाच शोधू द्यावं.

त्या मुलीला आम्ही ९८ पुन्हा लिहायला सांगितलं, आणि शेजारी गावाची उंचीही. दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गातल्या आणखी सहा जणांनी आपापल्या वह्या मागून घेतल्या. त्यांचेही आकडे ९७ आणि ९८ होते.