चालकाविना मालमोटार आणि रापणीचा वाटा

माणसाच्या हातचे काम यंत्राने घ्यावे, ही घटना जगाला नवी नाही. नवी आहे ती तिची गती. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस आणि ह्यूस्टन या शहरांच्या दरम्यान चालकाविना मालमोटारी व्यापारी तत्त्वावर धावू लागल्या. त्याच महिन्यात, मोटारीच्या निर्मात्याच्या आग्रहावरून, चालकाच्या आसनावर देखरेखीसाठी पुन्हा माणूस बसविण्यात आला. तथापि तो तेथे कायम राहील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आपल्याकडे केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ साली नागपुरात बोलताना चालकविरहित मोटारी भारतात येऊ देणार नाही, कारण त्यामुळे ७० ते ८० लाख लोकांचा रोजगार जाईल, अशी भूमिका घेतली. या भूमिकेमागील कळकळ आदरणीय आहे. परंतु केवळ नकार म्हणजे धोरण नव्हे. देवगडचा हापूस वाशीच्या बाजारात आणि मालवणची मासळी घाटापलीकडे पोहोचते ती मालमोटारीतून. त्यामुळे हा प्रश्न सिंधुदुर्गालाही दूरचा नाही. आणि त्याचे उत्तर शोधण्यास उपयोगी पडेल असा अनुभव याच किनाऱ्याच्या गाठीशी आहे.

एके काळी या किनाऱ्यावरील मालाची ने-आण शिडाच्या गलबतांतून होई. मालवण, वेंगुर्ले, विजयदुर्ग ही बंदरे तांडेल आणि खलाशी यांच्या श्रमांवर उभी होती. रस्ते झाले, मालमोटारी आल्या आणि गलबते किनाऱ्याला लागली ती पुन्हा निघालीच नाहीत. आज ज्याच्या भवितव्याची चिंता आपण वाहतो, तो ट्रकचालक स्वतःच कोणा खलाशाच्या जागी आलेला आहे. त्या खलाशाची मात्र कोणी विचारपूस केली नाही.

मासेमारीची कथा याहून बोधप्रद आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढावयाचे लांबलचक जाळे. ते ओढण्यास अनेक हात लागत आणि मिळालेल्या मासळीत त्या प्रत्येक हाताचा वाटा ठरलेला असे. यांत्रिक ट्रॉलर आला आणि थोड्या माणसांत अधिक मासळी मिळू लागली. परंतु ही मासळी वाट्याने विभागली जात नव्हती. ती यंत्राच्या मालकाची होती. रापणकाराचे खरे नुकसान झाले ते येथे. त्याचे श्रम वाचले नाहीत, त्याचा वाटा गेला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या गोव्यात रापणकारांनी यांत्रिक बोटींविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. पुढे ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, तर २०१७ साली केंद्राने प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस बंदी केली. यंत्राला मर्यादा घालता येते, एवढे यावरून सिद्ध होते. मात्र ती मर्यादा ट्रॉलर समुद्रात उतरल्यानंतर, संघर्षाअंती आली. आणि तिच्या अंमलबजावणीसाठी पारंपरिक मच्छीमारास पुन्हापुन्हा झगडावे लागले.

यंत्र आणि चालक यांचे सहजीवन अशक्य आहे, असेही नाही. कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक चालकासह रेल्वेच्या वाघिणीवर चढतो आणि सिंधुदुर्ग ओलांडून गोव्यात उतरतो. घाटवळणांची दगदग वाचते, इंधन वाचते आणि चालकाचे कामही टिकते. यंत्राने कोणता भार उचलावा, याचा विचार आधी झाला, तर काय साधते याचे हे उदाहरण होय.

दुसरीकडे, जो रोजगार वाचवावयाचा तो जगण्याजोगा आहे काय, हेही पाहिले पाहिजे. मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ सालीच दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पण ती पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांपुरतीच होती. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारा चालक तिच्या बाहेरच राहिला. चालकाच्या कक्षात वातानुकूलन सक्तीचे झाले ते १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींत. रात्रीची जागरणे, कुटुंबाचा विरह आणि अपघाताची टांगती तलवार यांमुळे तरुण या व्यवसायाकडे पाठ फिरवीत असतील, तर त्यांना दोष कसा द्यावा? आणि चालक मिळत नाहीत, हेच कारण उद्या यंत्र आणण्यासाठी पुढे केले जाईल.

म्हणून आजच काही गोष्टी ठरावयास हव्यात. लहान मालकाकडील चालकासही कामाच्या तासांचे आणि निवृत्तिवेतनाचे संरक्षण मिळावे. चालकविरहित वाहनास कधी काळी परवाना द्यावयाचाच झाला, तर त्यातून वाचणाऱ्या वेतनाचा ठरावीक अंश चालकांच्या पुनर्वसनासाठी कायद्याने राखून ठेवावा. चालकांच्या सहकारी संस्थांना नव्या वाहनांची मालकी मिळण्यास अग्रक्रम असावा. नवीन दंडसंहितेतील अपघातविषयक तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये चालक एकत्र आले. १ जुलै रोजी संहिता अमलात आली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. संघटित आवाज ऐकला जातो, हे त्यांनी अनुभवले आहे.

यंत्र यावे की न यावे, हा वाद फार काळ आपल्या हाती राहणार नाही. त्याच्या मिळकतीत कोणाचा किती वाटा, हा निर्णय मात्र अजून आपल्या हाती आहे. रापणकाराच्या बाबतीत तो वेळेवर झाला नाही. ट्रकचालकाच्या बाबतीत तरी तो उशिरा होऊ नये.